वेशीबाहेरची हाळी

पांढरसांगवीत वेशीबाहेर कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बदलीच्या गावात गेलं की लोक नळाला पाणी कधी येतं, दूध कोणाकडचं चांगलं, कोणत्या गल्लीतलं कुत्रं अंगावर येतं, हे सगळं न विचारता सांगतात. नेमकं एवढंच सांगायचं राहून गेलं.

शाळा सुटली होती. देशमुख सरांची छत्री स्टाफरूममध्ये राहिली होती आणि सर पाटोद्याच्या रस्त्याला लागले होते. मी छत्री घेऊन मागे गेले. वेस ओलांडल्यावर पुढे कडुलिंब आहेत, तिथे ते मला दिसले. "देशमुख सर! ओ देशमुख सर!" वारा पडलेला होता, रस्त्यावर वाहन नव्हतं, हाक पोचली नसेल असं म्हणायला जागा नव्हती. सर वळले नाहीत. उलट मान खाली घालून त्यांनी पाय उचलला. कडेला शेळ्या घेऊन बसलेल्या एका म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. माणूस एक तर बहिरा असला पाहिजे नाही तर शिष्ट. आडनाव देशमुख असल्यामुळे शिष्टपणावर मी लगेच शिक्कामोर्तब केलं. निकाल आधी आणि पुरावा मागून ही माझी जुनी खोड आहे, आणि मी शाळेत विज्ञान शिकवते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत सरांनी स्वतःच माझ्यापुढे चहा सरकवला.

"बाई, काल हाक मारलीत. ऐकली मी."

"मग थांबला का नाहीत?"

"तिथं हाकेला कुणी थांबत न्हाई. तिथं आमी जित्या माणसाला हाक मारत न्हाई."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घालून प्यायला आणि मग अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "तुमच्या हाकेला दुसऱ्याच कुणी ओ दिली असती, तर काय केलं असतं तुमी?"

मी चहाचा घोट घेतला. सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. छत्री द्या माझी."

त्या कडुलिंबांखाली वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या माणसासाठी कोरून उभे केलेले हे दगड आमच्या बीड जिल्ह्यात पुष्कळ गावांत सापडतात. खालच्या चौकटीत तो माणूस लढताना, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेताना, वरच्या चौकटीत तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. इतर गावांत त्यांच्यावर गोधड्या वाळत घालतात, म्हशी अंग घासतात. पांढरसांगवीत त्यांना वर्षातून एकदा तेल लावतात आणि एकेकाला नावाने बोलावतात.

देवगिरीचं राज्य बुडालं त्यानंतरच्या धामधुमीत सुलतानाची फौज इथल्या गढीवर चालून आली होती, असं गाव सांगतं. गढीचा धनी भैरवराव. त्याने दारात झुंज दिली, आणि त्याच्याबरोबर मेंढरं राखणारी धनगरांची माणसं दारातच मेली. वीरगळ त्यांचे. त्यांची घरं अजून गावात आहेत. दसऱ्याला उन्हं कलली की गढीच्या देशमुखाने दगडांपुढे उभं राहून हाळी द्यायची, "म्हाकू, हायेस का?" आणि म्हाकूच्या घरातल्या जाणत्या माणसाने उत्तर द्यायचं, "हाय जी!" मग पुढचं नाव. नावं कुठे लिहायची नाहीत, बापाने लेकाला तोंडी द्यायची. हाळी एकदाच द्यायची, दुसऱ्यांदा नाही. ज्या घरात उत्तर द्यायला कोणी उरलं नाही त्याचा दगड त्याच दिवशी पालथा घालायचा. पालथ्यांचीही नावं घेतात. हाळी द्यायची, थोडं थांबायचं आणि पुढे जायचं. भैरवरावाचा मात्र दगड नव्हता आणि हाळीत त्याचं नावही नव्हतं. धन्याचं नाव उघड्यावर घेत नाहीत, असं लोक कारण सांगत.

हाळी देणारे देशमुख म्हणजे आमचे सर. शाळेत इतिहास शिकवायचे.

गाव त्यांना 'सरकार' म्हणायचं आणि हे सरकार सकाळी हापशावर स्वतःचं धुणं धुवायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गढी म्हणजे पांढऱ्या मातीचा एक उंच ढीग उरला होता आणि तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत सर राहायचे. गढीची माती माळवदावर टाकायला चांगली, पाणी धरत नाही. लोक पिढ्यान्‌पिढ्या ती नेत आले होते. निम्मी गढी गावाच्या घरांवर चढून बसली होती. सर कोणाला अडवत नसत. "न्या की," म्हणायचे, "तेवढंच वझं कमी."

त्यांच्या दोन सवयींवरून शाळेत त्यांची थट्टा व्हायची. पहिली म्हणजे ते मागच्या दाराने कधी जात नसत. शाळेच्या मागच्या फाटकातून त्यांचं घर हाकेच्या अंतरावर होतं, पण सर उन्हापावसात अख्ख्या मैदानाला वळसा घालून पुढच्या फाटकातून जायचे. एसटीतसुद्धा पुढच्या दाराने उतरणार, मग कंडक्टर काहीही बोलो. दुसरी सवय, वर्गात हजेरी पुकारत नसत. बाकांवरून नजर फिरवायची, चेहरा पाहायचा आणि खूण करायची. मुख्याध्यापक वैतागायचे. सर म्हणायचे, "नाव पुकारलं की उत्तर येईस्तवर थांबावं लागतं साहेब. तेवढा दम सगळ्यांत नसतो."

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांना धरलंच. हजेरी पुकारून घ्या म्हणाले. सर म्हणाले, "साहेब, नगा." साहेबांना वाटलं, पटावर बोगस मुलं आहेत. त्यांनी आवाज चढवला. मी शेजारच्या वर्गात शिकवत होते, मध्ये नुसती विटांची भिंत. मला सरांचा आवाज ऐकू आला, पण तो वर्गात शिकवतानाचा आवाज नव्हता. नाव साधंच होतं, सातवीतल्या एका मुलाचं. ते त्यांनी पोटातून वर काढलं, शेवटचं अक्षर लांबवलं आणि सोडून दिलं. नाव पुकारायची दुसरी रीत त्यांच्या गळ्याला ठाऊकच नव्हती. त्या वर्गातली धनगरांची सगळी पोरं एकदम उभी राहिली आणि म्हणाली, "हाय जी!" माझ्या वर्गातलीही उभी राहिली. माझं शिकवणं चालू होतं, मी फळ्यावर आकृती काढत होते, आणि माझ्याकडे न बघता ती पोरं भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्यांना खाली बसवायला मला बरंच ओरडावं लागलं. साहेबांनी चहा घेतला नाही. गाडीत बसताना मला म्हणाले, "मॅडम, हे काय प्रकरण आहे?" मी म्हटलं, शिस्त आहे. दुसरं काय सांगणार!

इतिहास मात्र ते झकास शिकवायचे. पुस्तकातली लढाई संपली, तह झाला, कोणाला तरी किल्ला मिळाला, की सर पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, "आन् दारात कोण मेलं?" पोरं पानं चाळायची. "पुस्तकात न्हाई. कावून न्हाई? जो वाचला त्योच बोलतो. इतिहास म्हंजे वाचलेल्याचं बोलणं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे मीच पूर्ण करायचे. सर त्यावर हसायचे. तोंडावर हात ठेवून हसायची त्यांची सवय होती. मला ते आवडायला लागले होते. शिष्टपणाचा निकाल मी केव्हाच मागे घेतला होता.

पहिल्या वर्षी दसऱ्याला मी मुद्दाम गावात थांबले. आपट्याची पानं वाटून झाली आणि लोक वेशीबाहेर निघाले. बायका एका बाजूला, उत्तर देणारे दगडांच्या समोर अर्धगोल करून. छत्रीच्या दिवशीची ती म्हातारी त्यांच्यात पुढे होती. तिचं नाव कोंडाबाई. तिची पोरं मेंढरं घेऊन लांब गेलेली, घरात जाणती तीच, म्हणून म्हाकूचं उत्तर ती द्यायची. सरांनी पायातल्या चपला काढल्या, टोपी नीट केली आणि हाळी सुरू झाली. एरवी खोकत बोलणारा हा माणूस त्या वेळी एकदाही खोकला नाही. नाव जायचं, उत्तर यायचं. मला सुरुवातीला मजा वाटत होती. मग एका पालथ्या दगडाचं नाव आलं. "धुळू, हायेस का?" कोणी बोललं नाही. बोलणारं घरच उरलं नव्हतं. सर थांबले. मान किंचित कलती करून थांबले, आणि मग कोणी काही सांगितल्यावर आपण 'बरं' म्हणतो तशी त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

परतताना मी विचारलं. "सर, धुळूला कोणी उत्तर दिलं नाही."

"तुमी कुठं उभ्या व्हता?"

"बायकांत."

"मग बराबर. तितवर न्हाई पोचत."

मी त्यांना प्रतिध्वनी समजावून सांगितला. समोर गढीचा उभा कडा आहे, आवाज तिथे आपटून माघारी येतो, वगैरे. आठवीला शिकवते तसंच सांगितलं. सरांनी लक्ष देऊन ऐकलं, एक-दोन चांगले प्रश्नही विचारले. मग म्हणाले, "पर बाई, प्रतिध्वनी आपलाच शब्द माघारी देतो न्हवं?"

"हो."

"मग त्यो न्हाई."

त्या दिवशी खोलीवर आल्यावर मी दिवा लागायच्या आधीच दार लावून घेतलं. भीती वाटली म्हणून लावलं. दुसरं कारण सांगण्यात अर्थ नाही.

सरांचा पुतण्या विक्रम. गावात विक्रमदादा. पांढरे कपडे, मोठी गाडी, नुकताच पंचायत समितीवर निवडून आलेला. माणूस वाईट नव्हता. काकांना दर महिन्याला औषधं आणून द्यायचा, पाया पडल्याशिवाय समोर बसायचा नाही. पण त्याच्या डोक्यात घराण्याने घर केलं होतं. पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तो शाळेतच आला. मी तिथेच वह्या तपासत बसले होते.

"काका, एवढ्या गड्यांची नावं घेता आन् आपल्या माणसाचं कावून न्हाई? लढला त्यो. मेला त्यो. आन् दगड कुणाचे? मेंढरंवाल्यांचे."

"त्याचं नाव घेत न्हाईत."

"आवंदापासून घ्यायचं. दगड सांगितलाय मी घडवायला. मधोमध बसवायचा. आन् काका, तुमची छाती आता भरून येती, खोकला ऱ्हातो. हाळी मी देतो. मागल्या साली मोबाइलवर घेतलीय तुमची, पाठ झालीय. तुमी समोर उभं ऱ्हा. रावसाहेबांचं उत्तर तुमी द्या. घरात जाणते तुमीच."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मी न्हाई देणार उत्तर."

"मग त्यांचा दगड पालथा पडंल. गावाम्होरं. चालंल तुमाला? बेइज्जती चालंल?"

विक्रम गेला. सरांनी समोरचा चहा तसाच ठेवला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते म्हणाले, "बाई, गढीवर येता का? तुमाला दावायचं हाय काहीतरी." मी म्हटलं, मलाच का? "तुमचा विश्वास न्हाई म्हून. विश्वास असलेल्याला सांगितलं तर त्यो झोपायचा न्हाई."

भर दुपारी आम्ही वर चढलो. पायाखाली पांढरी माती, खापरं, मधूनच हाडाचा तुकडा. गुराचं असेल असं मी स्वतःला सांगितलं. मागच्या बाजूला बाभळी माजल्या होत्या. सरांनी काठीने फांद्या बाजूला केल्या. तटाच्या बुडाशी एक कमान होती, मातीत बुजून कंबरेइतकीच उरलेली, आत काळोख. आतून गार हवा येत होती.

"चोरदिंडी, गढीचं मागलं दार. हितनं गेला त्यो."

"कोण?"

"आमचा. भैरवराव."

ते तिथेच दगडावर बसले आणि सांगू लागले. आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं.

"फौज आली तवा त्यानं सगळ्यांना दारात उभं केलं. म्हणला, मी मागनं घोडं काढतो, वळसा घालून फौजेच्या पाठीवर येतो. तिथनं एकेकाला नावानं हाळी देईन. हाळी आली की दार उघडून भाईर पडा, दोन्हीकडनं कापू. तवर दार सोडू नगा. त्यानं एकेकाला इचारलं, हायेस का? एकेक जण म्हणला, हाय जी. आन् राव गेला."

"आणि?"

"आन् गेलाच. हाळी आलीच न्हाई बाई. त्यांना ही दिंडी मालूम व्हती. जाता आलं असतं. एकबी गेला न्हाई. हाळी यायची व्हती म्हून उभे ऱ्हायले आन् तिथंच मेले. ह्यो तिकडं सुलतानाच्या पाया पडला. देशमुखी घिऊन माघारी आला तवा गाव ओस पडलेलं, दारात नुसती हाडं. कुणी बघाया न्हवतं. त्याला वाटलं, आता तरी द्यावी. म्हून त्यानं वेशीत उभं ऱ्हाऊन हाळी दिली. एकेकाला."

सरांनी काठी कमानीच्या तोंडाशी टेकवली.

"उत्तर आलं," सर म्हणाले. "सगळ्यांचं. तवापासनं आमच्या घरात हाळी हाय. बाप लेकाला नावं देतो आन् हे देतो. विक्रमच्या बापाला दिलं न्हाई, त्यो धाकला. थोरला मी. माझ्यापाशीच ऱ्हायलं."

मागच्या फाटकाचं कोडं मला तिथे उलगडलं. मी म्हटलं, "सर, मग सांगून टाका ना गावाला. सातशे वर्षं झाली असतील. आता कोण तुम्हाला फाशी देणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. ते रागावलेले मी तेवढेच पाहिले. "तुमाला सोपं हाय. तुमचं गाव अंबाजोगाई. आमच्या घराचं जाऊ द्या, गेलं तर गेलं. पर ती कोंडाबाई. तिचा बाप, त्याचा बाप. छाती काढून 'हाय जी' म्हणत्यात. आपला माणूस धन्यासंगं लढून मेला म्हून म्हणत्यात. त्यांना मी काय सांगू? की फुकट मेला? दगा झाला? त्यांचं तेवढंच हाय बाई." आणि उठता उठता म्हणाले, "आन् न्हाई सांगितलं तर त्यांच्याम्होरं उभं ऱ्हाऊन खोटं 'हाय जी' म्हणायचं. त्यांच्या रांगेत त्याला बसवायचं. ते ऐकून घेतील का, तुमीच सांगा."

'ते' म्हणजे कोण, हे मला कळलं होतं. खाली उतरताना कमानीतून येणारी ती गार हवा माझ्या पाठीला बराच वेळ लागत राहिली.

दसऱ्याला कर्णे लागले. तेलगावपर्यंतचे पाहुणे आले, खुर्च्या आल्या. मधोमध नवा दगड भगव्या कापडाखाली. विक्रमने कापड ओढलं. काळाभोर गुळगुळीत दगड, त्यावर घोड्यावर बसलेला भैरवराव, हातात उपसलेली तलवार. टाळ्या वाजल्या. धनगर मंडळींनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ती कधीच वाजवत नाहीत. सर अर्धगोलात उभे होते, कोंडाबाईच्या शेजारी. चपला काढलेल्या. मी या वर्षी बायकांत न थांबता दगडांच्या जवळ जाऊन उभी राहिले. मला कोणी अडवलं नाही.

विक्रमने माईकवर हाळी दिली. पाठ चांगलं होतं. नावं गेली, उत्तरं आली. पालथ्या दगडांच्या नावांनंतर तो थांबलाच नाही, भराभर पुढे गेला. शेवटी त्याने छाती भरून घेतली.

"भैरवराव, हायेस का?"

सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मला ते दिसत होतं, आणि मी मनात म्हणत होते, म्हणा, म्हणून टाका एकदाचं, सुटा. आवाज फुटला नाही.

"न्हाई."

हा आवाज सरांचा नव्हता. तो मोठाही नव्हता. शेजारी बसलेला माणूस बोलतो तेवढाच. आला दगडांच्या बाजूने, आणि त्या बाजूला माझ्याशिवाय कोणी उभं नव्हतं.

विक्रमने माईकवाल्याकडे पाहिलं. माईकवाल्याने मान हलवली. पाहुण्यांत कोणीतरी हसलं. आणि विक्रमने ती चूक केली, जी त्या गावात जन्मलेल्या माणसाने करायला नको होती. त्याने हाळी दुसऱ्यांदा दिली. "भैरवराव, हायेस का?"

"न्हाई."

या वेळी आवाज बरेच होते. सगळ्यांनी एकाच वेळी, न ओरडता, शांतपणे सांगावं तसे. पोरांनी आयांच्या कंबरा धरल्या. मी आठवीला आवाज शिकवते. आवाज कुठून येतो, कसा येतो, किती वेळाने येतो, हे सगळं मला माहीत आहे. त्या दिवसाचं मला काहीही सांगता येत नाही. माझ्या डाव्या हाताला धुळूचा पालथा दगड होता.

सर पुढे आले. माईककडे गेले नाहीत, तसेच उभे राहून बोलले.

"खरं हाय. त्यो हितं न्हाई. त्यो लढला न्हाई, त्यो मेला न्हाई. मागच्या दिंडीतनं पळून गेलता. हाळी देतो म्हणला आन् दिली न्हाई. तुमची माणसं त्याची वाट बघत मेली. आमच्या घरात दर थोरल्याला ठावं व्हतं, आमी बोललो न्हाई. आता काय करायचं ते करा मला."

सरांचा श्वास लागला होता. कोंडाबाई त्यांच्याजवळ आली आणि दंडाला धरून म्हणाली, "सरकार, आमाला ठावं हाय."

"काय?"

"म्हाकूची बायको आत व्हती, भाकऱ्या घिऊन गेलती. घोडं मागनं गेलेलं तिनं बगितलं, आन् ती वाचली. आमच्यात पोरगं बोलाय लागलं की पयलं हेच सांगत्यात."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "मग दरसाल येता कावून?"

"आता हे काय इचारणं झालं?" कोंडाबाई चिडल्यासारखीच म्हणाली. "हाळी आली की जायाचं, असं कबूल केलतं आमच्या माणसांनी. तुमी हाळी देता, आमी येतो. तुमच्या माणसानं काय केलं ते तुमचं तुमी बगा."

मला तेव्हा तिथेच रडू आलं. एवढी वर्षं सर ज्यांना जपत होते, तेच त्यांना जपत आले होते, आणि दोघांनी एकमेकांना कळू दिलं नव्हतं.

मग कोंडाबाईने नव्या दगडाकडे बोट केलं. "उत्तर आलं न्हाई. रीत काय हाय?"

"काका, पाया पडतो तुमच्या," विक्रम म्हणाला. माईक चालू होता, ते सगळ्या गावाने ऐकलं. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याला बाजूला केलं आणि दगडाला खांदा लावला. दगड हलेना. धनगरांची माणसं आली, कोणी काही न बोलता दोन्हीकडून हात घातले, आणि भैरवराव घोड्यासकट तोंडावर मातीत गेला. पाहुणे केव्हाच गाड्यांकडे निघाले होते.

दुसऱ्याच दिवशी मी सुटीला अंबाजोगाईला गेले. सुटी संपायच्या आत माझ्या बदलीचा आदेश आला आणि पुढच्या दसऱ्याच्या आधी सर गेले. म्हणून त्यांचं शेवटचं दर्शन ते तिथलंच. लोक पांगत होते, उन्हं गढीच्या माथ्यावर गेली होती, आणि सर त्या पालथ्या दगडाशेजारी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी दगडाच्या पाठीला कान लावला होता. मी जवळ गेले. नाव घेतलं नाही, हाक मारली नाही, नुसती खाली वाकले आणि विचारलं, "काय ऐकताय?"

"घोडं," सर म्हणाले. "अजून पळतंय."

आणि मला कान लावता यावा म्हणून ते थोडे बाजूला सरकले.